कॅमेऱ्यातली खिटी

सासऱ्यांचा कॅमेरा साबणाच्या वडीसारखा होता. तसाच जाड, आणि वापरून वापरून कडा तशाच गुळगुळीत झालेला. सेलच्या कप्प्याचं झाकण कधीच सैल झालं होतं, म्हणून त्याला रबरबँड गुंडाळलेला. मागच्या पडद्यावर खालच्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा पट्टा पसरला होता. त्या पट्ट्याखाली काय लिहून येतं हे कुणाला दिसत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे.

या कॅमेऱ्याने त्यांनी वर्षानुवर्षं ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढले होते. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, नुकसान किती ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्याची एक रीत होती. आधी गाडीचे चारही कोपऱ्यांतून चार फोटो. मग जिथे चेपलंय तिथे जवळून. चेपलेल्या जागेला फूटपट्टी लावून आणखी एक. शेवटी नंबरप्लेट. निवृत्त झाल्यावर ऑफिसने कॅमेरा परत मागितला नाही आणि सासऱ्यांनी रीत सोडली नाही.

नात झाली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी पाळण्याच्या चारी बाजूंनी चार फोटो काढले. मग मुठी जवळून, टाचा जवळून. मग फूटपट्टी आणली.

"अहो, ते लेकरू आहे," सासूबाई म्हणाल्या. "बंपर नाही."

"वाढ कळायला नको? पट्टी बाजूला असली की उद्या कुणी म्हणायला नको, फोटोत मोठी दिसते म्हणून."

"कोण म्हणणारे? विमा उतरवलाय का तिचा?"

सगळे हसले होते. सूनही हसली होती, टाके दुखत असतानासुद्धा. पण तेव्हा ते एका दिवसाचं कौतुक वाटलं होतं. रोज सकाळी, चिमीची अंघोळ झाली रे झाली की सासरे कॅमेरा आणि पट्टी घेऊन दारात हजर होतील, हे तिला काय ठाऊक! दार उघडंच असायचं. ते आत यायचे, "चला, चिमीबाई, सर्व्हे!" म्हणायचे, आणि चारी कोपरे फिरायचे. त्या चारी कोपऱ्यांत न आवरलेलं अंथरूण असायचं, वाळत टाकलेली लंगोटं असायची, आणि केस न विंचरलेली सून असायची. मग ते फोटो साऱ्या नातेवाइकांना जायचे.

सुनेचा स्वभाव मुळात धास्तीचा. चिमी शिंकली तरी ही थर्मामीटर शोधायची. फ्लॅशने तान्ह्या मुलांच्या डोळ्यांना इजा होते असं तिने कुठेतरी वाचलं आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "काही होत नाही हो. उलट आजोबांच्या डोळ्यांना चष्मा लागेल, इतके फोटो काढून." म्हणजे तेही कारण हातचं गेलं.

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तिची कॉलेजातली मैत्रीण बाळ बघायला आली, तेव्हा सासरे नेमके पट्टी लावून उभे होते. मैत्रिणीने हसू दाबलं. सासरे बाहेर गेल्यावर मात्र तिला आवरेना. डोळे पुसत म्हणाली, "अगं, क्लेम कधी मिळणार गं? आणि नंबरप्लेट कुठेय?" सूनही हसली. मैत्रिणीपेक्षा जास्त हसली. हसता हसता तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पुढे मैत्रिणीने ते बाकीच्यांना सांगितलं, आणि फोनवर जो तो विचारू लागला, "काय म्हणतंय तुमचं नुकसान?"

"बाबा, रोज नको ना," एवढं वाक्य. सकाळी चहा देताना म्हणता आलं असतं. सासरे काही वाघ नव्हते. पण ती दोनदा तोंडाशी आलेलं वाक्य गिळून बसली, आणि तिसऱ्यांदा तिला ती खिटी आठवली.

कॅमेऱ्यातल्या कार्डाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खिटी असते. ती खाली सरकवली की कार्डावर नवं काही उमटत नाही, जुनं पुसलं जात नाही. कॉलेजात प्रयोगाचे फोटो कुणी चुकून पुसू नयेत म्हणून त्यांच्या बाई ती सरकवून ठेवायला लावत. एवढ्या शिक्षणातून सुनेला ऐनवेळी उपयोगी पडलं ते एवढंच.

सासरे अंघोळीला गेले होते. तिने कार्ड काढलं, नखाने खिटी खाली ओढली, कार्ड परत बसवलं. रबरबँड होता तसा गुंडाळला. वाटलं, दोन दिवस बंद पडेल, सवय मोडेल, झालं. कुणाचं मन दुखायला नको.

दुसऱ्या दिवशी सर्व्हे सुरू झाला. सासऱ्यांनी बटण दाबलं. कॅमेरा टीं टीं असा चिरकला आणि गप्प. परत दाबलं. टीं टीं. काळ्या पट्ट्याखाली काय कारण लिहून आलं असेल ते पट्ट्यालाच ठाऊक. त्यांनी सेल बदलले. कार्ड काढून फुंकर मारली, शर्टाच्या टोकाला पुसलं, परत घातलं. काच पुसली. सून चिमीच्या अंगाला पावडर लावत होती. इतकी पावडर लावली की चिमी शिंकली.

"दमला वाटतं," सासरे म्हणाले.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा चर्चा झडली. तो म्हणाला, "बाबा, आता टाका तो डबा. नवा घेऊ. हल्लीचे कसे पातळ असतात, आणि फोटो बघाल तर!"

"चांगला चालतोय की. आज जरा रुसलाय. दुकानात दाखवून आण."

"आणतो. पण मला वाटतं, बदलायचा."

"आधी ठरवा," सासूबाई आतून म्हणाल्या, "कॅमेरा जुना झालाय का माणूस जुना झालाय."

सगळे हसले. सुनेच्या डोक्यात मात्र एकच शब्द घुमत होता, 'दुकानात'. दुकानदार कार्ड बाहेर काढणार, खिटी बघणार, आणि म्हणणार, ही कुणीतरी मुद्दाम सरकवलीय. जेवणं झाल्यावर पाणी ठेवायचं निमित्त करून ती कॅमेरा ठेवलेल्या कपाटापाशी गेली आणि खिटी वर केली.

सकाळी नवऱ्याने कॅमेरा पिशवीत टाकायच्या आधी एकदा बटण दाबून पाहिलं. फट्‌ दिशी फ्लॅश उडाला. "हा काय चालतोय! बाबा, तुम्ही काय दाबत होतात?"

सासरे गोंधळले. "तेच. जे रोज दाबतो ते."

"चालतोय, बघा," म्हणून नवऱ्याने आणखी दोन फोटो काढले आणि कामाला गेला.

इथेच थांबली असती तर गोष्ट मिटली असती. खिटी वर, कॅमेरा चालू, कुणाला काही कळलं नाही. पण त्याच सकाळी मैत्रिणीचा निरोप आला, मी आणि आणखी दोघीजणी येतोय तासाभरात. आणि सासरे पलीकडे पट्टी शोधत होते. सुनेने विचार केला नाही. म्हणजे, केला असता तर बरं झालं असतं. तिने कपाटातून कॅमेरा घेतला आणि खिटी दुसऱ्यांदा खाली सरकवली.

मैत्रिणी आल्या, बसल्या. सासरे दारात आले. टीं टीं. त्यांनी कॅमेरा उलटा-सुलटा करून पाहिला. पुन्हा टीं टीं. तिन्ही मुली अदबीने बघत होत्या, आणि त्या अदबीतच हसू भरलेलं होतं. सासऱ्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे.

"मुलाच्या हातात चालला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग ते बाहेर गेले.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं, आणि काय बदललं ते फक्त सुनेला दिसत होतं, कारण ती सतत सासऱ्यांवर डोळा ठेवून होती. सासरे गॅस बंद केलाय का ते दोनदा बघू लागले. आपण औषधाची गोळी घेतली का म्हणून सासूबाईंना विचारू लागले, आणि उत्तर मिळाल्यावर, "नक्की ना?" म्हणू लागले. स्कूटरची किल्ली त्यांनी आपल्या खिळ्यावरून काढून मुलाच्या खिळ्यावर अडकवली.

"का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"राहू दे. रस्त्यावर माणसं असतात."

सुनेने मैत्रिणी गेल्या गेल्याच खिटी वर केली होती. पण कॅमेऱ्याला आता कुणी हात लावत नव्हतं. सकाळी चिमीची अंघोळ व्हायची आणि दारात कुणी यायचं नाही. जे हवं होतं ते मिळालं होतं. खोली आपली आपल्यापुरती होती. ती केस न विंचरता बसली तरी बघणारं कुणी नव्हतं. आणि तिला त्या उघड्या दाराकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी सासूबाई झोपल्या असताना सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. सून बाटल्या उकळत होती.

"सूनबाई, एक विचारू? बाकीच्यांना विचारलं की चेष्टेवारी नेतात. तू शिकलेली आहेस. खरं सांग." ते ओट्याच्या कडेला बोट घासत होते. "मी विसरायला लागलोय का?"

आता. आत्ता बोल, असं तिला आतून कुणीतरी ढोसलं. बाटल्या पातेल्यात खडखडत होत्या. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "वय झालं की थोडं होतंच, बाबा."

ते मान हलवत राहिले. "हं," म्हणाले. "माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. बारीकसारीक गोष्टींपासून."

ते गेल्यावर तिने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला कळलं. खिटी सरकवली ते एक. पण हे! खुद्द माणूस येऊन विचारतो, आणि आपण त्याच्या भीतीवर शिक्का मारून मोकळ्या होतो. आपल्या आईने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती, आणि बरोबर केलं असतं.

तिने सोप्या वाटेने सुटायचं ठरवलं. संध्याकाळी कॅमेरा घेऊन ती सासऱ्यांकडे गेली. "बाबा, बघा ना, मला वाटतं बरा झाला असेल. काढा चिमीचा एक."

चिमी तिच्या कडेवर होती. आजोबांना बघून तिने दोन्ही हात पसरले, अंग पुढे झोकलं. सासऱ्यांनी हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत गुंफले.

"मी नको घेऊ. हातांचा भरवसा राहिला नाही." आणि चिमीला म्हणाले, "आईकडेच थांब हं, बाळा."

चिमीला हे नवीन होतं. ती तशीच हात पसरून राहिली आणि मग तिचा ओठ बाहेर आला.

"आणि कॅमेरा तूच दाब," सासरे म्हणाले.

तिने दाबलं. फट्‌ दिशी उजेड पडला.

"बघ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मागे कधीतरी गाडीवाल्याला नुकसान समजावून सांगत असतील, तसा आवाज होता. "त्याच्या हातात चालतो. तुझ्या हातात चालतो."

सोपी वाट तिथे संपली.

सुट्टीच्या दिवशी नवरा लवकर तयार झाला. आज नवा कॅमेरा आणायचा असं त्याने परस्पर ठरवलं होतं. "बाबांना सोपा घेऊ. एकच बटण. चुकायला जागाच नको."

"मला नको," सासरे खुर्चीतून म्हणाले. "तुमच्यासाठी घ्या. तो जुना देऊन टाका कुणाला. आणि परत येताना मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून ये."

"कुणाचं नाव?" सासूबाई वाटाणे सोलता सोलता थांबल्या.

"माझं. दुसऱ्या कुणाचं?"

सासूबाईंच्या मांडीवरचं ताट तिरकं झालं आणि दोन-चार वाटाणे घरंगळत गेले. एरवी त्यांनी काहीतरी टोला हाणला असता. आज त्या वाटाणे उचलायलाही वाकल्या नाहीत.

सून चिमीला सतरंजीवर ठेवून उठली. कपाटातून कॅमेरा आणला. रबरबँड काढताना तिच्या हातून तो तुटला. तिने कार्ड बाहेर काढून सासऱ्यांच्या समोर धरलं.

"बाबा, ही खिटी बघा. ही खाली असली की फोटो निघत नाही. कुणीही दाबलं तरी निघत नाही." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ही मी सरकवली होती. तुम्हाला काही झालेलं नाही. कधीच काही झालेलं नव्हतं."

सासूबाईंनी हातातली शेंग ताटात टाकली.

"तू?" नवरा म्हणाला. "अगं, तुला वेडबिड लागलंय का? बाबा इतके दिवस..."

"ओरडू नकोस," सासऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, नखाने खिटी खाली केली, वर केली. खाली केली, वर केली. मग ते सासूबाईंकडे वळले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे मी विसरत नाहीये! ऐकलंस का? मी तेच बटण दाबत होतो. मी म्हणत होतो ना, तेच दाबतोय म्हणून?"

"म्हणत होतात," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने नाक पुसलं.

सासरे हसले. मोठ्याने, मोकळं हसले. सुनेला वाटलं, त्यापेक्षा चप्पल फेकून मारली असती तर सोसलं असतं. ज्याला आपण खड्ड्यात ढकललं तोच माणूस, खड्डा नव्हताच म्हणून, आनंदाने हसतोय.

हसू ओसरलं तेव्हा त्यांना बाकीचं दिसायला लागलं असावं. "पण मग मध्येच चालला कसा?"

"मी वर केली होती. आणि मग परत खाली."

"दोनदा?"

"दोनदा."

"एकदा केलंस ते समजतं. रोज येऊन उच्छाद मांडत होतो मी, कंटाळली असशील." ते खिटीकडेच बघत होते. "दुसऱ्यांदा का?"

खोटं बोलायला जागा होती. फ्लॅश होता, डोळे होते, चिमीची झोप होती. तिने जमिनीकडे बघून सांगितलं, "मैत्रिणी येणार होत्या. मला तुमची लाज वाटली."

नवऱ्याने तोंड फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "तोंड होतं ना गं तुला? सांगायचंस. मी रोज सांगते त्यांना, त्याने काय बिघडलं?" त्यांना आणखी बोलायचं होतं, पण सासरे उठले, म्हणून त्या थांबल्या.

"त्या दुपारी मी तुला विचारलं होतं," सासरे म्हणाले. एवढंच म्हणाले. ते इतरांना कळलं नाही, आणि त्यांनी कळवलंही नाही.

"मग आता नवा घ्यायचा का नाही?" नवऱ्याला काय बोलावं सुचेना म्हणून त्याने विचारलं.

"कशाला? हा चांगला आहे. ठेवायचा." त्यांनी कार्ड आत बसवलं, तुटलेला रबरबँड बघितला आणि तो तसाच कॅमेऱ्यासोबत कपाटात ठेवून दिला. मग मुलाच्या खिळ्यावरून स्कूटरची किल्ली घेतली आणि बाहेर पडले.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर निचरा तरी झाला असता. नवरा दोन दिवस तुसडेपणाने वागला आणि विसरला. सासूबाईंनी जाता-येता चार टोले दिले आणि त्याही थकल्या. सासरे मात्र पहिल्यासारखेच गोड बोलत होते, चहा घेत होते, "मीठ बरोबर आहे हं" म्हणत होते. फक्त सकाळी ते खोलीकडे फिरकत नव्हते. सून रोज अंघोळ घालून चिमीला स्वच्छ चादरीवर ठेवायची, अंथरूण आवरायची, केस विंचरायची आणि उघड्या दाराकडे कान लावून बसायची.

मग एके दिवशी दारावर टकटक झाली. दार सताड उघडं होतं. सासरे उंबऱ्याबाहेर उभे होते, आणि ते त्या उघड्या दारावर बोटाने वाजवत होते.

"घेऊ का तिला?"

या घरात चिमीला घ्यायला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेजारणीसुद्धा न विचारता उचलायच्या.

"बाबा, विचारता काय असं!"

"विचारलेलं बरं," ते म्हणाले. आत आले, सवयीच्या सफाईने चिमीला उचललं, मान सांभाळली, आणि बाहेर घेऊन गेले. चिमीने त्यांचा चष्मा ओढला. ते "अगं अगं" म्हणाले.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "आणा कॅमेरा. किती दिवसांत काढला नाहीत."

"फोटोचं विचारलं नाही तिला."

सुनेच्या हातात चिमीचा ओला पंचा होता. तो तिने पिळला, झटकला, परत पिळला. बोल, बये. तोंडाने बोल, एकदा तरी.

"काढा ना, बाबा!" ती आतून ओरडली. आवाज जरा जास्तच मोठा आला. "पट्टी लावून काढा. मी येते तिला धरायला."

ती पंचा टाकून दारापर्यंत आली. सासरे खिडकीजवळ उभे होते, चिमी त्यांच्या खांद्यावर. सकाळचं ऊन सरळ दोघांवर पडलं होतं, चिमीच्या कानाची पाळी त्यात लाल दिसत होती, इतकं स्वच्छ.

"आज नको," ते तिच्याकडे बघून हसले. "उजेड नाही नीट."

"बरं," सून म्हणाली.